जहाजावरून खंदकात

आधुनिक सैन्यात हाती बंदूक घेऊन शत्रूसमोर उभ्या राहणाऱ्या माणसांची संख्या एकूण सैन्याच्या मानाने नेहमीच थोडी असते. त्यांच्यामागे आचारी, कारकून, वाहनचालक, दुरुस्तीचे कारागीर, बिनतारी संदेशयंत्रे सांभाळणारे, दारूगोळ्याच्या कोठारांची राखण करणारे आणि विमानांची देखभाल करणारे तंत्रज्ञ असा फार मोठा समुदाय राबत असतो. नौदलात तर लढाईचे साधन हे जहाजच असल्यामुळे जमिनीवर चालून जाऊन लढण्याची वेळ बहुसंख्य खलाशांवर साऱ्या नोकरीत एकदाही येत नाही. परंतु युद्धात असे प्रसंग येतात की जहाज बुडते आणि त्यावरचे खलाशी वाचतात, विमाने धावपट्टीवरच जळून जातात आणि त्यांचे मेकॅनिक मात्र शिल्लक राहतात, आणि त्याच वेळी जमिनीवरची आघाडी सांभाळणारे पायदळ संपत आलेले असते. अशा वेळी सेनापतीची नजर या रिकाम्या हातांकडे वळते आणि त्यांना बंदुका देऊन घाईघाईने नव्या तुकड्या उभ्या केल्या जातात. लष्करी लिखाणात त्यांना तात्पुरते पायदळ म्हटले जाते. अशा तुकड्यांच्या कथा एकतर निव्वळ शौर्याच्या म्हणून सांगितल्या जातात, नाहीतर निव्वळ हकनाक बळींच्या म्हणून, आणि दोन्ही प्रकारांत एक महत्त्वाचा प्रश्न बाजूला राहतो. या माणसांनी आपल्या प्राणांच्या मोलाने जो वेळ मिळवून दिला, त्या वेळाचे पुढे कोणी काय केले, हा तो प्रश्न होय.

पायदळाचे काम वरवर पाहता सोपे वाटते, कारण त्यातली साधने साधी असतात. बंदूक चालवायला आठवडाभरात शिकता येते, हातबाँब फेकायला एका दिवसात. पण पायदळाचे खरे कसब साधनांत नसून आठ-दहा माणसांच्या छोट्या गटाच्या हालचालीत असते. निम्म्यांनी गोळीबार करून शत्रूला डोके वर काढू द्यायचे नाही, तोवर उरलेल्यांनी वीस पावले पुढे सरकायचे आणि मग भूमिका बदलायच्या, ही पायदळाच्या चढाईची मूलभूत रीत आहे, आणि ती अंगवळणी पडायला महिने लागतात. जमिनीच्या बारीकशा उंचवट्याचा आडोसा ओळखणे, रात्री आवाज न करता चालणे, थकलेल्या अवस्थेतही मुक्काम पडताच आधी खंदक खणणे, पाणी पुरवून पिणे, ही सारी त्याच कसबाची अंगे होत. आणि हे सर्व शिकवणारा, चुकणाऱ्याला जागच्या जागी सावरणारा जो नाईक किंवा हवालदार असतो, तो तर काही वर्षांच्या सेवेतूनच तयार होतो.

खलाशाची शिस्त पायदळाच्या शिस्तीपेक्षा कमी नसते, पण ती निराळ्या जातीची असते. जहाज एकसंधपणे लढते, कप्तान ते जिकडे नेईल तिकडे इंजिनघरातला माणूसही जातो आणि तोफेवरचाही जातो. युद्धनौकेवर एकट्याने पळून जायला जागा नसते, आणि एकट्याने पुढे जाण्याचा निर्णय घेण्याची गरजही पडत नाही. प्रत्येकाने आपली ठरलेली जागा न सोडता ठरलेले काम बिनचूक करीत राहणे हेच तिथले धैर्य. जमिनीवर याच्या उलट घडते. धुरात, झाडीत किंवा अंधारात अधिकारी दिसेनासा झाला की प्रत्येक माणसाला आडोशातून उठून पुढे जायचे की नाही हे स्वतःच्या मनाशी ठरवावे लागते. खलाशांना एकाएकी पायदळ बनवताना हा बदल सर्वांत अवघड जातो, आणि बंदुकीच्या सरावाचे वेळापत्रक आखणाऱ्यांच्या तो बहुधा ध्यानात येत नाही.

या अडचणीचा एक मोठा धडा विसाव्या शतकात ब्रिटनने घेतला. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश नौदलाने बोलावून घेतलेल्या राखीव खलाशांची संख्या जहाजांवरच्या जागांपेक्षा हजारोंनी जास्त भरली. तेव्हाचे नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी या जादा माणसांची रॉयल नेव्हल डिव्हिजन नावाची पायदळी डिव्हिजन उभारली आणि तिच्या बटालियनांना ड्रेक, हॉक, नेल्सन, हूड, कॉलिंगवूड अशी जुन्या दर्यासारंगांची नावे दिली. दोन महिन्यांच्या आतच, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, या डिव्हिजनच्या दोन खलाशी ब्रिगेड जर्मन वेढ्यात सापडू पाहणाऱ्या बेल्जियममधील अँटवर्प शहराच्या बचावासाठी रवाना झाल्या. त्यांतील अनेकांना बंदुका जेमतेम काही दिवसांपूर्वी मिळालेल्या होत्या, पाठपिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या पुऱ्या पडल्या नव्हत्या, आणि खाकी गणवेशही सर्वांना मिळालेला नव्हता. शहर वाचले नाही. माघारीच्या गोंधळात सुमारे १,५०० खलाशी तटस्थ हॉलंडच्या हद्दीत शिरले आणि युद्धाच्या शेवटापर्यंत तिथे नजरकैदेत पडले. पुढे गॅलिपोलीच्या मोहिमेत ४ जून १९१५ रोजी क्रिथियाच्या तिसऱ्या लढाईत कॉलिंगवूड बटालियनची इतकी भीषण हानी झाली की ती पुन्हा उभी न करता मोडीत काढावी लागली. हीच डिव्हिजन नोव्हेंबर १९१६ मध्ये फ्रान्समध्ये आंक्र नदीकाठच्या लढाईत बोकूर हे गाव जिंकून नावाजली, तोवर ती खरोखरीचे पायदळ झालेली होती. म्हणजे खलाशी उत्तम पायदळ होऊ शकतात याविषयी शंका नाही, मात्र या खलाशांना त्यासाठी दोन वर्षे लागली आणि त्या दोन वर्षांचे शिक्षण फार मोठ्या प्रमाणावर रणांगणावरच, माणसे गमावून झाले. फिलिपाइन्समध्ये १९४२ साली अशी दोन वर्षे कोणाकडेच नव्हती.

८ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर काही तासांतच, जपानी विमानांनी लुझॉन बेटावरील क्लार्क फील्ड हा अमेरिकेचा विमानतळ बाँबफेकीने उद्ध्वस्त केला. तिथली बरीचशी बाँबफेकी आणि लढाऊ विमाने जमिनीवरच नष्ट झाली. दोन दिवसांनी, १० डिसेंबरला, मनिलाच्या उपसागरातील काव्हिते येथील नौदलाची गोदी बाँबवर्षावात जळाली. अमेरिकेच्या एशियाटिक फ्लीट या छोट्या आरमाराच्या लढाऊ नौका दक्षिणेकडे निघून गेल्या आणि आरमारप्रमुख अॅडमिरल थॉमस हार्ट हेही २६ डिसेंबरला जावाकडे रवाना झाले. त्यापूर्वीच, २२ डिसेंबरला, जपानी सैन्याचा मुख्य भाग लिंगायेनच्या आखातात उतरला होता. जनरल डग्लस मॅकार्थर यांनी मनिला सोडून बताआन या डोंगराळ, जंगलव्याप्त द्वीपकल्पात माघार घेण्याचा निर्णय केला. त्या लहानशा टापूत सुमारे ८०,००० सैनिक आणि त्यांच्यासोबत सुमारे २६,००० निर्वासित नागरिक येऊन दाटले, आणि जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात शिधा निम्म्यावर आणावा लागला.

या ८०,००० सैनिकांपैकी खरे प्रशिक्षित पायदळ फारच थोडे होते. फिलिपिनो जवान आणि अमेरिकन अधिकारी असलेल्या फिलिपाइन स्काउट्स या जुन्या, कसलेल्या पलटणी त्यांत सर्वांत भरवशाच्या होत्या. फिलिपिनी सेनेच्या बाकीच्या बहुतेक डिव्हिजन युद्धापूर्वी जेमतेम काही महिने भरती केलेल्या कोवळ्या जवानांच्या होत्या. म्हणून विमाने गमावलेल्या हवाई दलाच्या स्क्वाड्रनांना बंदुका देण्यात आल्या. वैमानिक, मेकॅनिक, शस्त्रसज्जेचे तंत्रज्ञ आणि कारकून यांची एक हंगामी रेजिमेंट मुख्य फळीत उभी करण्यात आली, तर काही स्क्वाड्रन बताआनच्या पश्चिम किनाऱ्यावर पहाऱ्यासाठी पांगवण्यात आल्या. त्या किनाऱ्याची जबाबदारी ब्रिगेडियर जनरल क्लाइड सेलेक यांच्याकडे होती आणि त्यांच्या हाताखाली प्रामुख्याने अशाच जमवाजमवीच्या तुकड्या होत्या.

बताआनच्या दक्षिण टोकाला मारिव्हेलेस हे लहानसे बंदर आहे. तिथे कॅनोपस नावाची जुनी नौका नांगरलेली होती. पाणबुड्यांना इंधन, टॉर्पेडो आणि सुटे भाग पुरवणारी, त्यांची दुरुस्ती करणारी ही तरंगती कार्यशाळाच होती. तिच्या पाणबुड्या निघून गेल्या, तीही बाँबफेकीत दोनदा जायबंदी झाली, तेव्हा तिच्या खलाशांनी एक युक्ती केली. दिवसा तिला एका बाजूला कलती ठेवून आणि धुराची भांडी पेटवून ती सोडून दिलेली, जळकी नौका असल्याचा भास निर्माण करायचा आणि रात्री तिच्या कार्यशाळेत भूसेनेची व नौदलाची नादुरुस्त शस्त्रे आणि यंत्रे दुरुस्त करायची, असा तिचा क्रम पुढे तीन महिने चालला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नौदलाचे वैमानिक कमांडर फ्रान्सिस ब्रिजेट यांना मारिव्हेलेसच्या परिसरात उरलेल्या नौदलाच्या माणसांची एक बटालियन उभी करण्यास सांगण्यात आले. विमानांविना उरलेल्या टेहळणी पथकाचे सुमारे दीडशे तंत्रज्ञ, कॅनोपसवरचे सुमारे १३०, काव्हितेच्या दारूगोळा कोठारावरचे ऐंशीएक आणि गोदीतले इतर सव्वाशेच्या आसपास खलाशी असे मिळून पाचशेच्या घरात नौसैनिक जमले. त्यांच्या जोडीला सुमारे १२० मरीन होते. मरीन म्हणजे नौदलाच्या छत्राखालचे, पण पायदळी लढाईचे शिक्षण घेतलेले सैनिक. हे मरीनही त्या वेळी विमानविरोधी तोफांवर नेमलेले होते, तरी त्यांच्यातल्या प्रत्येकाने बंदुकीचे पक्के शिक्षण घेतलेले होते, आणि लेफ्टनंट विल्यम होगाबूम व लेफ्टनंट विलर्ड होल्ड्रेज या त्यांच्या अधिकाऱ्यांना जमिनीवरची लढाई म्हणजे काय हे ठाऊक होते. या मरीन शिपायांना सर्व कंपन्यांत विखरून मास्तरकी देण्यात आली. खलाशांपैकी बहुतेकांनी बंदूक यापूर्वी संचलनापुरतीच हाताळलेली होती. काहींकडे बंदुकांना पट्टे नव्हते, पाण्याच्या बाटल्या पुरेशा नव्हत्या आणि जड हत्यारे म्हणून निकामी विमानांवरून उतरवलेल्या मशीनगन कशाबशा तिकाट्यांवर बसवलेल्या होत्या.

खलाशांचे गणवेश पांढरेशुभ्र होते आणि हिरव्या जंगलात ते मैलावरून दिसले असते. म्हणून ते कॉफीत उकळून रंगवण्यात आले. खाकी रंग यावा अशी अपेक्षा होती, पण निघाला तो भडक, मोहरीसारखा पिवळा. पुढे हाती लागलेल्या एका जपानी अधिकाऱ्याच्या रोजनिशीत या पिवळ्या माणसांविषयीची नोंद सापडली असे अमेरिकन वृत्तांतांत सांगितले जाते. त्या अधिकाऱ्याची समजूत अशी झाली होती की हे मरणाला तयार झालेले काही नवेच पथक असावे, कारण ही माणसे जंगलात मोठा आवाज करीत हिंडत आणि मोकळी जागा दिसताच खाली बसून मोठ्याने बोलत, सिगारेटी पेटवत, जणू जपान्यांनी गोळी झाडून आपली जागा उघड करावी म्हणून. हा किस्सा गमतीने सांगितला जातो, पण त्यात गमतीपेक्षा करुण भाग अधिक आहे. ती माणसे डावपेच म्हणून उघड्यावर बसत नव्हती. उघड्यावर बसू नये हे त्यांना कोणी शिकवायला वेळच मिळालेला नव्हता.

बटालियन उभी राहून जेमतेम दोन आठवडे झाले होते. २२ जानेवारीच्या रात्री जपानच्या २०व्या पायदळी रेजिमेंटची दुसरी बटालियन, लेफ्टनंट कर्नल त्सुनेहिरो यांच्या नेतृत्वाखाली, सुमारे ९०० सैनिकांनिशी बताआनच्या पश्चिम किनाऱ्यावरून होड्यांतून निघाली. आघाडीच्या मागे उतरून मुख्य रस्ता तोडायचा आणि अमेरिकन फळीला पाठीमागून धक्का द्यायचा, असा त्यांचा बेत होता. अंधार, भरती-ओहोटीचे प्रवाह आणि अपुरे नकाशे यांमुळे त्यांची वाट चुकली. वाटेत अमेरिकन लेफ्टनंट जॉन बल्कली यांच्या टॉर्पेडो बोटीने त्यांच्या होड्यांवर हल्ला केल्याने त्यांची आणखी फाटाफूट झाली. सुमारे ६०० जण किनाउआन नावाच्या भूशिरावर उतरले आणि ३०० जण बरेच दक्षिणेकडे, मारिव्हेलेसजवळच्या लोंगोस्कायान भूशिरावर.

लोंगोस्कायानपासून जवळच पुकोत नावाची ६१७ फूट उंचीची टेकडी आहे. तिथून पश्चिमेचा रस्ता आणि मारिव्हेलेस बंदर दोन्ही नजरेच्या टप्प्यात येतात. पश्चिम आघाडीवरच्या सैन्याची सारी रसद त्याच रस्त्याने जात होती, त्यामुळे त्या टेकडीवर जपानी मशीनगन बसल्या असत्या तर अनर्थ ओढवला असता. २३ जानेवारीच्या सकाळी टेकडीवरच्या टेहळणी चौकीने शत्रू येत असल्याची बातमी दिली आणि ब्रिजेट यांनी हाताशी सापडतील ती पथके तिकडे पाठवली. त्या दिवशी आणि पुढच्या दोन दिवसांत खलाशी आणि मरीन यांनी टेकडीच्या माथ्यावरून आणि उतारांवरून जपानी सैनिकांना मागे हटवत भूशिराच्या टोकाकडे रेटले. दाट झाडीत आपल्या समोर किती शत्रू आहेत हे खलाशांना कळत नव्हते, आणि जपान्यांनाही समोरच्या पिवळ्या गणवेशातल्या माणसांमागे केवढी फौज आहे याचा अंदाज येत नव्हता. आपल्या समोरचे लोक कमी नसून कोठल्या तरी मोठ्या दलाचा भाग आहेत, असा जपान्यांचा समज त्या पहिल्या दिवसांत खलाशांना मोलाचा ठरला.

परंतु टेकडी राखणे वेगळे आणि भूशीर साफ करणे वेगळे. टोकाजवळच्या कडेकपारींत जपानी सैनिक घट्ट रुजून बसले होते आणि तिथे ब्रिजेट यांच्या माणसांचे प्रत्येक पाऊल मागे रेटले जाऊ लागले. मरीनांच्या मोर्टर आल्या, म्हणजे पायदळ सोबत वाहून नेते त्या लहान उखळी तोफा, तरीही जपानी हलले नाहीत. २५ जानेवारीच्या रात्री उपसागराच्या मुखावरील कोरेगिडोर या किल्लेबंद बेटावरून बारा इंची व्यासाच्या किनारी उखळी तोफांनी लोंगोस्कायानवर प्रचंड गोळे टाकले. या तोफा शत्रूच्या आरमारासाठी बसवलेल्या होत्या, जमिनीवरच्या लढाईत त्यांचा उपयोग होईल असे त्या बसवताना कोणाच्या मनातही आले नसेल. तरीसुद्धा २७ तारखेचा खलाशांचा जोरदार हल्ला परतवून लावला गेला आणि त्यात जपानी एका क्षणी फळीच्या मधोमध घुसून बटालियनला दुभंगण्याच्या बेतात आले होते. निर्णय झाला तो फिलिपाइन स्काउट्सच्या ५७व्या रेजिमेंटची एक बटालियन येऊन पोचल्यावर. या कसलेल्या जवानांनी जागा ताब्यात घेतली आणि दोन-तीन दिवसांत, क्वेल या सुरुंगकाढू नौकेच्या समुद्रावरून होणाऱ्या तोफांच्या माऱ्याचे साहाय्य घेऊन, भूशीर साफ केले. जे काम चार-पाच दिवसांत खलाशांना साधले नाही, ते स्काउट्सनी जवळजवळ तितक्याच माणसांनिशी त्याहून कमी वेळात उरकले, आणि यात खलाशांच्या धैर्याला कमीपणा येत नाही. तीन दिवस टेकडी हातची गेली नाही म्हणून स्काउट्सना येऊन लढायला जागा उरली. तात्पुरत्या पायदळाकडून कोणत्या कामाची अपेक्षा रास्त आहे आणि कोणत्या कामाची नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

उत्तरेकडे किनाउआन भूशिरावर हवाई दलाची ३४वी लढाऊ स्क्वाड्रन पहाऱ्यावर होती, आणि तिथे उलट प्रकार घडला. जपानी उतरले ते कळेपर्यंत उशीर झाला, त्यांना तात्काळ रोखणारे मरीनांसारखे कोणी हाताशी नव्हते आणि तोवर त्यांनी झाडीत भक्कम खंदक खणले. त्यांना हटवायला पुढे स्काउट्सची आणखी एक बटालियन आणि रणगाडे वापरावे लागले, फेब्रुवारीच्या ८ तारखेपर्यंत लढाई चालली आणि अमेरिकन-फिलिपिनो बाजूचे जवळपास ५०० जण मृत वा जखमी झाले. सेलेक यांना दरम्यान नेतृत्वावरून दूर करण्यात आले. मेकॅनिकांच्या हाती आघाडी सोपवून त्यांच्याकडून कवायती पायदळाची कामगिरी मागणाऱ्या योजनेचा दोष त्यांच्या माथी मारला गेला, हा निवाडा न्याय्य वाटत नाही.

किनाउआनच्या शेवटच्या टप्प्यात कॅनोपसच्या खलाशांनी आणखी एक कामगिरी केली. जपानी सैनिक भूशिराच्या समुद्राकडील कड्यांतल्या गुहांत लपले होते आणि जमिनीवरून त्यांच्यापर्यंत पोचणे अशक्य होते. कॅनोपसच्या कार्यशाळेत तिच्याच चाळीस फुटी मोटारबोटींना लोखंडी पत्रे जोडून, त्यांवर मशीनगन आणि लहान तोफ बसवून त्यांच्या चिलखती होड्या बनवण्यात आल्या, आणि खलाशांनी त्या समुद्रावरून कड्यांजवळ नेऊन गुहांवर थेट मारा केला. परतताना जपानी विमानांनी त्यांच्यावर झडप घातली आणि काही खलाशी मारले गेले. पण या प्रसंगात एक गोष्ट ठळक होते. बताआनच्या सबंध लढाईत खलाशांची सर्वांत परिणामकारक कामगिरी त्यांच्या मूळच्या कौशल्यांतून निघाली. जो माणूस वितळजोड करू शकतो, बोट चालवू शकतो आणि इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखू शकतो, त्याला नुसती बंदूक देऊन झाडीत पाठवणे ही त्याच्या जिवाचीच नव्हे तर त्याच्या कसबाचीही उधळपट्टी आहे.

फेब्रुवारीत ब्रिजेट यांची बटालियन कोरेगिडोरवर हलवण्यात आली आणि तिचे खलाशी तिथल्या चौथ्या मरीन रेजिमेंटमध्ये विखरून घेण्यात आले. ९ एप्रिल १९४२ रोजी बताआन पडले. त्याच सुमारास कॅनोपस तिच्याच खलाशांनी खोल पाण्यात नेऊन बुडवली. कोरेगिडोरवर मग मेजर फ्रान्सिस विल्यम्स या मरीन अधिकाऱ्याच्या हाताखाली नौदल आणि भूसेनेतल्या उरल्यासुरल्या माणसांची या रेजिमेंटची चौथी बटालियन तयार झाली. ५ मेच्या रात्री जपानी बेटावर उतरले आणि ६ मेच्या पहाटे हीच बटालियन शेवटची राखीव कुमक म्हणून प्रतिहल्ल्यासाठी पाठवली गेली. खलाशांनी जपान्यांना काही अंतर मागे हटवले, पण सकाळी रणगाडे उतरले आणि त्यांच्यासमोर वापरायला बटालियनकडे काहीच नव्हते. बेटावरील मालिंटा बोगद्यातल्या सुमारे १,००० जखमींच्या अंगावर रणगाडे येण्याचा धोका पाहून तिथल्या सैन्याचे तेव्हाचे प्रमुख जनरल जोनाथन वेनराइट यांनी त्याच दिवशी शरणागती पत्करली. यावेळी खलाशांनी मिळवलेला वेळ कोणाच्याही उपयोगाला येणार नव्हता. पॅसिफिकपलीकडून मदत येणार नव्हती, हे वरिष्ठांना कधीचेच ठाऊक होते. कमांडर ब्रिजेट यांना पुढे युद्धकैदेतच मृत्यू आला.

याच काळात जर्मनीत याहून फार मोठ्या प्रमाणावर आणि फार कमी निकडीपोटी तसाच प्रयोग झाला. १९४२ च्या उत्तरार्धात रशियातल्या हानीने जर्मन भूसेनेला माणसांची तीव्र टंचाई भासू लागली आणि हवाई दलातल्या जमिनीवरच्या सेवकांची मोठी संख्या भूसेनेकडे वळवावी असे ठरू लागले. हवाई दलाचे प्रमुख हेर्मान गोरिंग यांनी ती माणसे द्यायला नकार देऊन, आपल्याच अधिकाऱ्यांच्या हाताखाली त्यांच्या स्वतंत्र पायदळी डिव्हिजन उभारण्याचा हट्ट धरला, आणि हिटलरने तो मान्य केला. अशा वीसहून अधिक डिव्हिजन निघाल्या. भूसेनेच्या जुन्या पलटणींत ही माणसे विखरून दिली असती तर त्यांना शेजारच्या अनुभवी सैनिकाकडून शिकता आले असते. गोरिंग यांच्या योजनेत नवखे शिपाई, नवखे हवालदार आणि नवखे अधिकारी असे सारेच एका ठिकाणी एकवटले. डिसेंबर १९४२ मध्ये स्टालिनग्राडजवळ चिर नदीच्या आघाडीवर ७व्या आणि ८व्या डिव्हिजनची वाताहत झाली आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये नेव्हेल येथे २री डिव्हिजन कोसळल्याने रशियन सैन्याला आघाडीत मोठे खिंडार मिळाले. फील्ड मार्शल मानश्टाइन यांनी युद्धानंतर या कल्पनेवर अत्यंत कठोर शब्दांत टीका केली. नोव्हेंबर १९४३ मध्ये या डिव्हिजन अखेर भूसेनेच्या ताब्यात दिल्या गेल्या, म्हणजे वर्षापूर्वी जे विनाखर्च करता आले असते ते हजारो माणसे गमावून झाले. बताआनच्या खलाशांना परिस्थितीने खंदकात उतरवले, या जर्मन मेकॅनिकांना मात्र एका मंत्र्याच्या अहंकाराने.

तात्पुरत्या पायदळाच्या प्रश्नाला सर्वांत शहाणपणाचे उत्तर भारताच्या पूर्व सीमेवर मिळाले. १९४२ च्या ब्रह्मदेशातील माघारीत ब्रिटिश-भारतीय सैन्याचे मागचे विभाग, म्हणजे कार्यशाळा, इस्पितळे, खेचरांचे तांडे आणि कोठारे, जपान्यांच्या बगलेकडून येणाऱ्या हल्ल्यांत वारंवार सापडले होते. पुढे १४व्या सैन्याचे प्रमुख झालेले जनरल विल्यम स्लिम यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष असा होता की जंगलातल्या युद्धात लढाईबाहेरचा असा कोणी माणूस नसतोच, आणि म्हणून वैद्यकीय तुकडीसह प्रत्येक तुकडीने आपल्या चहूबाजूंच्या संरक्षणाची आणि गस्तीची जबाबदारी स्वतः घेतली पाहिजे. कारकुनाने कारकुनी करावी, खेचरवाल्याने खेचरे सांभाळावीत, पण प्रत्येकाने आपला खंदक खणलेला असावा आणि त्यातून बंदूक चालवायचा सराव केलेला असावा, ही ती व्यवस्था होती. ती संकटाच्या आधीच अमलात आली, हे तिचे वैशिष्ट्य होते.

फेब्रुवारी १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या आराकान भागात या व्यवस्थेची परीक्षा झाली. न्गाक्येदौक खिंडीच्या पूर्व तोंडाशी सिंझवेया येथे ७व्या भारतीय डिव्हिजनची कोठारे आणि कार्यालये सुमारे एक किलोमीटर रुंद अशा एका मोकळ्या पटांगणात वसलेली होती. हेच ठिकाण पुढे अ‍ॅडमिन बॉक्स या नावाने ओळखले गेले. ६ फेब्रुवारीच्या पहाटे जपान्यांनी डिव्हिजनचे मुख्यालयच गाठले. तिथल्या सिग्नलच्या जवानांनी लढत लढत वेळ काढला आणि डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल फ्रँक मेसर्व्ही जंगलातून निसटून सिंझवेयाला पोचले. ब्रिगेडियर जेफ्री एव्हान्स यांनी त्या पटांगणाचा बचाव आखला. आत अडकलेल्यांतले बरेचसे लोक कोठारांचे शिपाई, खेचरवाले, वाहनचालक, कार्यशाळेचे कारागीर आणि कारकून होते, त्यांतले बहुतेक भारतीय. एव्हान्स यांनी या लोकांना कडेच्या टेकड्यांवरच्या आणि मोकळ्या जागेतल्या खंदकांत बसवून जागा राखण्याचे काम दिले, आणि जिथे कोठे शत्रू आत घुसेल तिथे प्रतिहल्ला करण्यासाठी वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचे कसलेले पायदळ आणि २५व्या ड्रॅगून्सचे रणगाडे मध्यभागी राखून ठेवले. राखण्याचे आणि हटवण्याचे काम असे विभागले गेल्याने लोंगोस्कायानवर जे नशिबाने घडले ते इथे योजनेने घडले.

किंमत इथेही मोजावी लागली. ७ फेब्रुवारीच्या रात्री जपानी सैनिक जखमींच्या उपचार केंद्रात घुसले आणि त्यांनी तिथले डॉक्टर, सेवक व अंथरुणाला खिळलेले जखमी यांची कत्तल केली. पण कोठारे त्यांच्या हाती लागली नाहीत, आणि त्यांची सारी योजना शत्रूच्याच शिध्यावर पोट भरण्याच्या हिशोबावर उभी होती. आतल्या लोकांना मात्र अमेरिकन आणि ब्रिटिश विमाने छत्र्यांनी अन्न, दारूगोळा आणि इंधन टाकत राहिली. म्हणजे खंदकात बसलेल्या कारकुनाने मिळवून दिलेला प्रत्येक दिवस विमाने, रणगाडे आणि खिंडीपलीकडून येणारी कुमक यांच्या कामी येत होता. उपाशी पडलेले जपानी सैन्य माघारी वळू लागले, २३ फेब्रुवारीला खिंडीचा रस्ता पुन्हा खुला झाला, आणि जपान्यांचा मोठा हल्ला अंगावर घेऊन तो निर्णायकपणे मोडून काढण्यात ब्रिटिश-भारतीय सैन्याला ब्रह्मदेशाच्या आघाडीवर प्रथमच यश आले. त्या यशाचा मोठा वाटा ज्यांच्या नेमणुकीच्या कागदावर लढाईचा उल्लेखही नव्हता अशा माणसांचा आहे.